टिपणीस सरांचा आकडा

"काकू, आज सर कसे आहेत?" शलाकाने दारातच विचारलं.

"सकाळी दूधवाल्याला कुलगुरू समजून रजा मागितली."

प्रोटॉनला धडक दिली की तो क्षणभर वेगळंच रूप घेतो. ते रूप ओळखायला शलाकाने बाहेर उडणाऱ्या कणांचं ध्रुवीकरण, म्हणजे त्यांची फिरकी एका बाजूला किती झुकते ते, पाच वर्षं मोजलं होतं. माणूस नकळत हवं तेच उत्तर काढतो, म्हणून तिच्या मार्गदर्शकांनी, टिपणीस सरांनी, मोजमापांत एक गुप्त आकडा मिसळला होता. तो शेवटी वजा करायचा. आकडा फक्त सरांच्या डोक्यात होता, आणि डोक्यातून आता बरंच काही वजा होत होतं.

"सर, आपला गुप्त आकडा?"

"सतरा!" सर ठामपणे म्हणाले. चहा येईपर्यंत तो एकतीस झाला, बशीत ओतेपर्यंत उणे नऊ.

शलाकाला रडू फुटलं.

"अगं वेडे, रडतेस काय? तुझं उत्तर ज्याने जुळेल तो घे," सर म्हणाले.

पूर्वीचे टिपणीस सर हे मेले तरी बोलले नसते.

पाच वर्षांत पहिल्यांदाच शलाकाला उत्तर नको होतं. तिला सर हवे होते, आणि सर तर समोरच बसून चहा फुंकत होते.