न्हाणीघरातलं बदक

पट्टीचा शेवटचा वेढा देऊन त्याने गाठ मारली, तेवढ्यात बायको न्हाणीघराच्या दारात येऊन उभी राहिली.

“काय गं बाई,” ती बदकाला म्हणाली, “अजून नाही जुळलं तुझं हाड? विचार बरं ह्यांना.”

प्लास्टरवाल्याने मान वर केली नाही. हाडांच्या दवाखान्यात लोकांचे हातपाय बांधण्यात त्याचा जन्म गेला होता. तळ्याकाठच्या तारेत अडकलेलं हे रानबदक सदऱ्यात गुंडाळून त्याने घरी आणलं, पंख अंगाशी धरून बांधला, तेव्हा ते तगेल असं त्यालाही वाटलं नव्हतं. पण तगलं. भिजवलेले दाणे खाऊन चांगलं गुबगुबीत झालं. मघाशी पट्टी सोडल्याबरोबर तर बदकाने पंख असा झाडला, की घमेल्यातलं पाणी भिंतभर उडालं. ते त्याने पायपुसण्याने टिपून घेतलं होतं आणि दुसरी, धुतलेली पट्टी बांधली होती.

“कच्चं आहे अजून,” तो बदकाकडे बघत म्हणाला. “सांग तिला, घाई करून चालायचं नाही.”

दोघांचं बोलणं हे असंच चालायचं. लेक नवऱ्याचं घर सोडून, ओठ फुटलेला, हातात बॅग, अशी दारात आली, आणि ‘दिल्या घरी राहावं’ म्हणून त्याने कडी लावून घेतली, त्या दिवसापासून बायकोने अबोला धरला होता. ताट वाढायची, कपड्यांच्या घड्या घालायची, पण तोंडातून चकार शब्द नाही. भांडी घासल्याचा आवाज तेवढा घरात. मग बदक आलं. सांग ह्यांना, गॅस संपलाय. विचार ह्यांना, आमटी अळणी झाली का. एकदा तो म्हणाला, “सांग तिला, भाजी झकास झालीये,” आणि बदकाने नेमकं तेव्हाच त्याच्या पायावर शिटलं. बायको हसली. तोंड फिरवून, पण हसली.

त्या दिवसापासून पंख काही बरा होईना.

आता ती आत आली. ओल्या फरशीवर बसली, बदकाला मांडीवर घेतलं आणि गाठ सोडू लागली.

“अगं, राहू दे ना.”

“काल तुझी पट्टी मी धुवायला काढली होती, आठवतं?” ती बदकाशीच बोलत होती. “खिडकीपर्यंत उडालीस. म्हटलं, आपण नको बोलायला. ह्यांना कळेलच, ह्यांचा हात बसलाय त्यात.” गाठ घट्ट होती. तिने ती दातांनी सोडवली. “कळलंही. तरी बांधलं.”

त्याने सुटलेली पट्टी गुंडाळायला घेतली. तिने आरडाओरडा केला असता, तर बरं वाटलं असतं.

“एक मोडून दारात आली, तर कडी लावली,” ती म्हणाली. “दुसरी बरी होऊन निघालीये, तर गाठ मारतायत.”

दुपार कलल्यावर दोघं तळ्यावर गेली. टोपली त्याच्याकडे होती. तिच्या खांद्याला कापडी पिशवी होती. दाणे असतील, असं त्याला वाटलं. टोपलीचं झाकण काढलं, तरी बदक जरा वेळ आतच बसून राहिलं. मग फदक फदक करत चिखलातून पाण्यापर्यंत गेलं, थबकलं, आणि पंख फडफडवत एकदम उठलं. एक पंख किंचित आखूड पडत होता, पण धरत होता. लांबवर काळ्या ठिपक्यांसारखी बदकं तरंगत होती. त्यांच्यात ते उतरलं आणि मग कुठलं आपलं, ते कळेना.

“गेली,” तो म्हणाला.

‘सांग तिला’ म्हणायला आता मधे कुणी नव्हतं. त्याने घसा खाकरला. वळून तिच्याकडे बघितलं.

“चल. दिवस मावळायच्या आत घरी जाऊ.”

“तुम्ही व्हा पुढे.”

थेट त्यालाच म्हणाली. ‘सांग ह्यांना’ नाही, ‘विचार ह्यांना’ नाही. त्याला इतका आनंद झाला, की ती काय म्हणाली, ते कळायला जरा वेळच लागला.

“का? तू कुठे?”

“लेकीकडे. खोली घेतलीये तिने. एकटी असते.” तिने खांद्यावरची पिशवी नीट केली. पिशवीच्या तोंडातून घडी घातलेल्या साडीचा काठ दिसत होता. “डाळ-भात करून ठेवलाय. दूध तापवून घ्या, नाहीतर नासेल.”

“मग... मीही येऊ का?”

तिने त्याच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

“ती दार उघडेल की नाही, मला नाही सांगता यायचं,” ती म्हणाली. “जाते मी.”

आणि ती रस्त्याच्या दिशेने चालू लागली. एवढ्या वर्षांच्या संसारात ती भाजी आणायला निघाली, तरी तसं कधी म्हणाली नव्हती.

“‘जाते’ म्हणू नये गं,” तो म्हणाला. मग जरा मोठ्याने, “‘येते’ म्हणावं.”

तळ्यावर बदकांचा एकच कलकलाट चालला होता. तिला ऐकू गेलं की नाही, कोण जाणे.