घरच्या घरी

पायाचं रुतलेलं नख काढण्यात त्या सर्जनचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं. त्यामुळे बायकोचा अंगठा ठणकायला लागला, तेव्हा त्याने तिला दवाखान्यापर्यंत यायलाही लावलं नाही. रविवारी सकाळी बाथरूममधल्या स्टुलावर बसवलं, अंगठा बधिर केला, नखाची कड कापली, बाजूला वाढलेलं लाल मांस खरवडून काढलं आणि सगळं कचऱ्याच्या डब्यात टाकलं.

मांस पुन्हा वाढलं. वर्षभरात त्याने ते तीनदा काढलं. "जखम भरत कशी नाही हो?" असं तिने विचारलं की तो म्हणायचा, "आधी त्या अरुंद चपला टाकून दे. उगाच बाऊ करू नकोस."

मग तिच्या जांघेत गाठ आली. ती तपासणारा डॉक्टर सर्जनचा कॉलेजातला मित्र होता. रिपोर्ट त्याने टेबलावर ठेवला.

"वहिनी, ते नख रुतलेलं नव्हतंच. नखाखाली कॅन्सर होता. आता तो पसरलाय." मग तो मित्राकडे वळला. "असं मांस काढलंस की तुझ्याकडून तुकडा न चुकता आमच्या लॅबमध्ये तपासायला येतो. गेल्या महिन्यात अकरा आले. मग वहिनींचा एकदाही का नाही पाठवलास?"

उत्तर तिनेच दिलं.



"ते पेशंटचे पाठवतात, भावोजी. मी घरची ना."