बिनसावलीची दुपार

सावली हातभर.

शकुनं पाइपाच्या बुडाशी पहार घातली. जबलपूरजवळच्या खमरियातल्या क्वार्टरच्या अंगणात हा लोखंडी पाइप दुर्वानं रोवला होता, शाळेत असताना. पुंडलिकनं ओळंबा धरला होता आणि पोरगी ओरडत होती, "बाबा, केसभरही तिरका नको!" पुढं ती ताऱ्यांचंच शिकली. जेवताना पुस्तक, नळावर पाणी भरताना पुस्तक. पुण्याला संशोधनासाठी निवड झाली. बॅग भरून तयार होती. दिवाळीनंतरच्या तापानं तिला नेलं.

"आजच काहून करून राहिली हे?" पुंडलिकनं विचारलं.

"आज तीच दुपार आहे. मला ती पुन्हा पाहायची नाही."

सावली वीतभर.

ती दुपार जूनमधली. सूर्य बरोबर डोक्यावर येतो. पहिल्या वर्षी दुर्वा पाइपाशेजारी भर उन्हात ताठ उभी राहिली होती. शकुनं व्हरांड्यातून पाहिलं. पोरीला सावली नव्हती.

शकुच्या माहेरी म्हणत, सावली नसते ती मेलेल्या माणसाला.

तिनं किंचाळून पोरीला आत बोलावलं आणि थोबाडीत मारली. दुर्वा गाल चोळत हसली. "दिल्लीवाल्यांच्या नशिबातपण नाही हे, आई! एक बार बाहेर तर ये."

दर जूनला तेच बोलावणं. शकु व्हरांड्याच्या पायरीखाली कधी उतरली नाही. तिनं हे कुणाला सांगितलं नव्हतं: अपशकुन तिला आधीच दिसला होता. आणि पाइप तिनं तेव्हाच उपटला नव्हता.

सावली बोटभर.

पहार सिमेंटवरून घसरत होती. पुंडलिकनं तिच्या हातावर हात ठेवला.

"सोडा मला."

"थांब ना. झालंच." मग हळूच, "बोलवायची ना ती तुला?"

शकु थांबली.

सावली तिळभर.

मग ती पाइपाच्या बुडात शिरली.

सावली नाही.

पाइपाला नाही. कुंपणाच्या खांबांना नाही. शकुच्या हातातल्या उभ्या पहारीला नाही. तिनं पुंडलिककडं पाहिलं. त्याच्या पायांभोवती नुसतं स्वच्छ ऊन होतं. तिनं मान खाली घातली. स्वतःच्या पायांभोवती शोधलं. पुढं. मागं. दोन्ही बाजूंना.

"माझीपण गेली?"

"सगळ्यांचीच," पुंडलिक म्हणाला. "पूर्ण जबलपूरची. दरवर्षी जाते. येते परत."

"तेव्हापण?"

"तेव्हापण."

शकुनं पहार जमिनीवर ठेवली. पाइपाच्या डाव्या अंगाला सरकली, दुर्वा उभी राहायची त्या जागेच्या अगदी शेजारी. वर पाहता येत नव्हतं, इतका प्रकाश होता.

"आले गं बाहेर," ती म्हणाली.

दोघींनाही सावली नव्हती.