धुण्याचा दगड

प्लॉट छत्तीस. पहिल्या बांधकामाची उभी असलेली घरं तेरा, त्यांतली कौलारू तीन. कडुलिंब सतरा. बुजवलेली विहीर एक. सुरुवातीपासून राहणारी, आज हयात असलेली माणसं पाच.

मोनिकाने एवढं वाचून दाखवलं आणि वही मिटली. सावेडीतल्या त्या कॉलनीला यंदा पन्नास वर्षं पूर्ण होत होती. पुस्तिका निघणार होती, आणि तिथेच राहणाऱ्या, नुकत्याच एम.एस्सी. झालेल्या मोनिकाकडे कॉलनीचा इतिहास आणि नकाशा आला होता.

"पहिल्या पानावर फोटो कुणाचा?" गहिनीनाथांनी विचारलं. आपल्या अकरा नंबरच्या मागच्या अंगणात, मधल्या भिंतीला चिकटून असलेल्या धुण्याच्या दगडावर ते बसले होते. रोज सकाळी ते इथेच बसत. मान जरा वर केली की बारा नंबरचं अंगण दिसे.

"गोरक्षनाथ गुरुजींचा. घराच्या जोत्यावर उभे आहेत तो. तुम्हीही आहात की त्यात, आजोबा."

गहिनीनाथांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. कडेला त्यांचं अर्धं कोपर होतं.

भिंतीपलीकडे गुरुजींची कार उभी होती, कारशेजारी लिंबोणी, तिच्यापुढे पेरू. पेरूच्या दोन फांद्या इकडे आल्या होत्या आणि ते पेरू साखरेसारखे लागतात असं राहीबाई, गहिनीनाथांची स्वतःची बायको, येईल त्याला सांगायची. गहिनीनाथ एसटीत कंडक्टर होते. एकाच दिवशी चिठ्ठ्या काढून मिळालेले हे दोन प्लॉट, पण गुरुजींकडे कार आत मावते आणि आपली स्कूटर आडवी लावावी लागते, हे त्यांनी अठ्ठेचाळीस वर्षं पाहिलं होतं. आपलं घर आपणच ऐसपैस बांधलं, हे त्यांना कधी आठवत नसे.

"नकाशात रुंदी लिहिनार हाय का?"

"सगळे चाळीस फूट. कागदावर तसंच आहे."

"कागद ऱ्हाऊ दे. ती भिंत घातली तवा मी पाथर्डी मुक्कामाच्या गाडीवर हुतो. तीन दिसांनी आलो तर भिंत उभी. मोज तू. आन् निघंल ते छाप. मी कमिटीला लिहून दिलंय, मोजल्याबिगर नकाशा छापायचा न्हाई."

"काय म्हणतात कंडक्टरसाहेब?" भिंतीवरून गुरुजींचं डोकं वर आलं. "सुट्टे न्हाईत का?"

"तुमचा प्लॉट मोजायचा म्हंतोय."

गुरुजींचं हसू जरासं थांबलं. "कशाला आता, गहिनीनाथ? ऱ्हायले किती दिस आपले."

"बघ!" गहिनीनाथ मोनिकाकडे वळले. "बघितलं का तोंड?"

मोनिका टेप घेऊन पलीकडे गेली. टेपचं एक टोक गुरुजींनीच धरलं. तिने भिंतीच्या मध्यापासून भिंतीच्या मध्यापर्यंत मोजलं, आकडा पाहिला, टेप गुंडाळली आणि पुन्हा मोजलं.

"एकोणचाळीस फूट तीन इंच."

"टेप ढिली धरली त्यांनी," गहिनीनाथ म्हणाले.

"ढिली धरली असती तर आकडा वाढला असता, आजोबा."

"मंग तिसऱ्यांदा मोज."

तिसऱ्यांदाही तेवढंच भरलं. "म्हातारपनी मानूस आखडतं, तसा प्लॉटबी आखडला," असं म्हणून गुरुजी टेपचं टोक सोडून झाडूने लिंबोणीखालची पानं गोळा करायला लागले. पानं फारशी नव्हतीच.

मागच्या दारात राहीबाई कधीची उभी होती. हातात धुण्याची बादली होती. ती खाली ठेवून ती म्हणाली, "दोरी सरळच हुती पहिली."

"कंची दोरी?"

"गवंड्याची. ती ह्या दगडावरून जात हुती. दगड माझ्या माहेरचा, राहुरीहून बैलगाडीत आनलेला. गवंडी म्हनला, फोडावा लागंल. मला सातवा महिना हुता, मी दगडावर बसून ऱ्हायले. म्हनलं, घाला घन." तिने पदराने बादलीची कड पुसली. "गुरुजी शाळेतून आले. त्यांनी बघितलं, आन् गवंड्याला म्हनले, दोरी माझ्याकडं घ्या. पार या टोकापासून त्या टोकापत्तुर."

"आन् तू मला सांगितलं न्हाई?"

"भिंत बघितल्या बघितल्या तुमी म्हनले, मास्तरनं जागा दाबली. पुढं काय सांगायचं?"

पलीकडे झाडूचा आवाज थांबला होता. गहिनीनाथांनी मान वर केली नाही. त्यांनी दगडावरून हात फिरवला. तो मधोमध झिजून गुळगुळीत झाला होता आणि त्याची पलीकडची कड भिंतीला नेमकी टेकलेली होती.

"नकाशात चाळीसच लिहू का सगळ्यांचे?" इकडे परत आलेल्या मोनिकाने हळूच विचारलं.

गुरुजींच्या पेरूवर एक पोपट येऊन बसला, तो उडून गेला.

"एकच मोजलाय," गहिनीनाथ म्हणाले. "दुसरा ऱ्हायलाय."

राहीबाईने टेपचं टोक धरलं आणि ती अंगणाच्या पलीकडच्या भिंतीशी जाऊन उभी राहिली. टेप दगडावरूनच जाणार होती. गहिनीनाथांनी दोन्ही पाय वर घेतले, एका कडेला सरकले आणि टेपला वाट दिली.

मोनिकाने दोनदा मोजलं आणि वहीत लिहिलं: प्लॉट क्रमांक अकरा, रुंदी चाळीस फूट नऊ इंच.