आतली कडी

अर्धी खाल्लेली कळण्याची भाकरी.

लूमवरची कातर, वीतभर.

काशिनाथच्या कोर्टातल्या एकोणीस तारखा.

वाकलेली कडी, दाराच्या आतल्या बाजूची.

इस्पितळाच्या खाटेशी पेंगणारा शिपाई.

प्रमिलाबाई ठाण्यात बाकावर बसली होती. नवऱ्याच्या गुडघ्यात पोलिसांची गोळी लागली त्याला चार दिवस झाले होते. चौकशीला आलेल्या मॅडम गुजरातीत विचारत. हवालदार योगेश मराठीत सांगे आणि उत्तर लिहून घेई. गोळी नियमात बसते का, एवढंच मॅडमना ठरवायचं होतं. प्रमिलाबाईला एवढंच हवं होतं, की हिलाल घरी यावा.

सोबत शेजारचा काशिनाथ आला होता. नऊ वर्षांपूर्वी तो जीव द्यायला फिनेल प्यायला, वाचला, आणि जीव द्यायला निघाल्याच्या गुन्ह्यापायी एकोणीस खेटे घालून कोर्टात मुरला. दारातूनच म्हणाला, "वहिनी, एकदा बोललात तेच बोला. शब्द फिरवू नका."

"फोन तुम्हीच केला?" योगेशनं मॅडमचा पहिला प्रश्न सांगितला.

"हो."

"काय सांगितलं?"

"माले मारी टाकी तो. लवकर या."

"मग?"

"पळत बाहेर आले. त्यानं कडी लावली."

पोलिसांनी तीनदा बजावलं, मग दार तोडलं. हिलाल कातरीसकट वळला. हे सगळं तिनं दुसऱ्याच कुणाच्या घरचं सांगावं तसं सांगितलं.

"याआधी हात उचलायचा?"

"कधीमधी."

नवागामच्या त्या गल्लीत बायकोला मारणाऱ्याला पोलीस सकाळी नेत आणि संध्याकाळी सोडत. प्रत्येक बाईला ते पाठ होतं.

तिनं सही केली. "आता सोडाल ना?"

"कसं सोडतील, मावशी?" योगेश कागद लावत म्हणाला. "खुनाचा प्रयत्न आहे. सहा-सात वर्षं धरून चाला."

मॅडम चष्मा पुसत काहीतरी बोलल्या.

"काय म्हणतात?"

"म्हणतात, स्वतःच्या जिवावर उठला असता तर गोष्ट वेगळी होती. कायदा बदललाय आता. खटला नाही, कोठडी नाही. सरळ डॉक्टरकडे नेला असता, तोही सरकारी खर्चानं." योगेशनं फाईल बांधली. "पण हा तर तुमच्या अंगावर आला."

"हो," प्रमिलाबाई म्हणाली.

तिनं फोन लावला तेव्हा कडी आतून कधीचीच लागलेली होती, आणि खिडकीतून दिसत होतं, कातर हिलालनं स्वतःच्याच गळ्याला लावली होती.