साताचा कौल

पणजीच्या हॉस्पिटलात धाकूला ऑपरेशनला आत नेलं, तेव्हापासून त्याची बायको चंद्रावती एकच विचारत होती, "हंय देवाक कौल कोण लावतलो?" गावी, कारापूरच्या देवळात देवाला चिकटवलेली पाकळी उजवीकडून पडली असती, तर तिचा जीव थाऱ्यावर आला असता.

शाळेत गणित शिकवणाऱ्या त्यांच्या लेकीनं, सेजलनं, आईच्या हातात पेन्सिल आणि एक्स-रेचं पाकीट दिलं. "एकाची दुप्पट कर, तिची परत दुप्पट, अशी करीत राव. आकड्याच्या सुरवातीक सात आलो की उजवो कौल."

सात हमखास येतो, पण सेहेचाळिसाव्या दुपटीला, हे सेजलला ठाऊक होतं. तोवर ऑपरेशन उरकेल आणि आईचा वेळही जाईल, एवढंच तिच्या मनात होतं.

आकड्यांच्या सुरुवातीला एक, दोन, चार, आठ, एक, तीन, सहा, एक, दोन, पाच आले आणि मग पुन्हा तेच. "सात काय येना गो," म्हणत चंद्रावती पुढची दुप्पट मांडत होती. सेजल प्रत्येक ओळ तपासत होती, एकही चूक नव्हती. शेवटी पस्तीसनं सुरू होणारा लांबलचक आकडा लिहून झाला, तशी आई पहिल्यांदा हसली. पस्तिसाची दुप्पट तिला तोंडपाठ होती.

तिच्या पाठीमागचं दार उघडलं. डॉक्टरांनी मास्क काढला, सेजलकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

सेजलनं आईच्या पेन्सिलीवर हात ठेवला. "आई, मधी एक चूक झाली. परत एकापासून धर."