लिफ्टमध्ये रेडा मावतो का?

जन्मभर म्हशी पाळलेल्या आजोबांना “आता उपाय नाही” म्हणत डॉक्टरांनी घरी पाठवलं. “यमाचा रेडा आला की निघायचं,” ते मिश्कील हसले. नात आईच्या शिवणकामाची टेप घेऊन लिफ्टकडे पळाली, धापा टाकत परतली. “आजोबा, रेडा लिफ्टमध्ये मावत नाही! जिन्याच्या वळणावर शिंगं अडकतील.” “मग खाली थांबेल. मलाच उतरावं लागेल.” “पण रेडा येणार इतक्या लांबून, देवाला पाठीवर घेऊन? त्याला यायचंय का, हे कुणी विचारतं?” आजोबांनी जनावरं पुष्कळ हाकली होती, विचारलं कधीच नव्हतं. संध्याकाळी रखवालदाराचा आरडाओरडा ऐकून ते भिंत धरत गॅलरीत आले. खाली फाटकातच नातीने आंघोळीचा टब काठोकाठ भरून ठेवला होता. “हे काय खूळ?” “रेड्यासाठी!” ती वर बघत ओरडली. “एकदा पाण्यात बसला की मालकाच्या बापाचंही ऐकत नाही, तुम्हीच सांगता ना!”